वेठीला नकार देणारी वाचा

डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत ऑक्टोबर हा गवतकापणीचा महिना. पाऊस ओसरलेला असतो, डोंगरउतारावरचे गवत पिवळे पडू लागते आणि विळे घेऊन माणसे माळावर उतरतात. याच महिन्याच्या १० तारखेला तलासरी भागात हुतात्म्यांचे स्मरण केले जाते. आणि याच महिन्याच्या ८ तारखेला, १९९६ साली, ज्यांच्या नावाशी या भागाचा अर्धशतकाचा इतिहास जोडला गेला त्या गोदावरी परुळेकर यांचे निधन झाले. त्यांचे चरित्र एरवी शेतकरी चळवळीचा वा डाव्या राजकारणाचा एक भाग म्हणून वाचले जाते. तसे ते वाचणे योग्यच आहे. परंतु शाळेत, कचेरीत वा कारखान्यात नोकरी करणाऱ्या कोणाही माणसाला रोज सतावणाऱ्या एका प्रश्नाचे उत्तरही या चरित्रात दडलेले आहे. तो प्रश्न असा, की काम देणाऱ्यासमोर माणूस तोंड केव्हा उघडतो, आणि केव्हा ते मिटून घेतो?

या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर स्वभावाकडे बोट दाखवते. अमका धीट आहे म्हणून साहेबासमोर बोलला, तमका भिडस्त आहे म्हणून गप्प राहिला, एवढे म्हटले की विषय संपतो. या उत्तरात तथ्य नाही असे नव्हे. मनुष्यस्वभावाचे मोजमाप करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी त्याचे पाच ठळक पैलू मानले आहेत, आणि कामाच्या ठिकाणी सूचना वा तक्रार उघडपणे मांडण्याशी त्यांचा काय संबंध आहे हेही तपासले आहे. २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले, की चारचौघांत मोकळेपणाने मिसळणारी आणि कर्तव्याविषयी दक्ष असणारी माणसे अधिक बोलतात. सदा धास्तावलेली माणसे कमी बोलतात. त्याहून मार्मिक निष्कर्ष असा, की सर्वांशी गोडीगुलाबीने वागणारी, कोणाचे मन न मोडणारी माणसेही कमी बोलतात. ज्या गुणासाठी शेजारीपाजारी माणसाची वाखाणणी करतात, तोच गुण अन्यायाच्या प्रसंगी त्याची जीभ धरून ठेवतो.

तथापि, हे सारे मान्य केले तरी एक शंका उरते. ज्या ठिकाणी हजारो माणसे पिढ्यान्‌पिढ्या गप्प राहतात, तेथे त्या हजारोंचा स्वभाव एकच होता असे मानायचे काय? आणि तीच माणसे जर अवघ्या काही महिन्यांत बोलू लागली, तर त्यांचा स्वभाव एकाएकी पालटला असे म्हणायचे काय? डहाणू-तलासरीच्या वारल्यांच्या बाबतीत १९४५ साली नेमके हेच घडले. म्हणून गोदावरीबाईंच्या आयुष्याकडे या दृष्टीने पाहणे अगत्याचे ठरते.

दोन उंबरठे

गोदावरी गोखले यांचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ चा, पुण्याचा. घर सुशिक्षित, वडील लक्ष्मणराव वकिली करणारे, राजकारणात नेमस्तपणाकडे झुकणारे. फर्गसन महाविद्यालयात शिकून त्यांनी पुढे कायद्याची पदवी मिळवली. महाराष्ट्रातील पहिल्या महिला विधिपदवीधर म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. अशा मुलीसमोर त्या काळी एक सुरक्षित वाट आखलेली असे. परंतु स्वातंत्र्यलढ्यातील सत्याग्रहात भाग घेऊन त्या तुरुंगात गेल्या. वडिलांना ते रुचले नाही. मतभेदाची धार अशी, की गोदावरीबाई घर सोडून मुंबईस आल्या. त्यांच्या आयुष्यातील हा पहिला नकार होता, आणि तो आपल्यावर माया करणाऱ्या माणसाला दिलेला होता. शत्रूला विरोध करणे त्या मानाने सोपे असते. ज्याने वाढवले, शिकवले, त्याच्यासमोर आपले मत टिकवून धरणे अवघड असते.

मुंबईत त्या भारत सेवक समाजात दाखल झाल्या. नामदार गोखल्यांनी १९०५ साली स्थापन केलेली ही संस्था. अल्प मानधनावर आयुष्य वाहून घेणाऱ्या सेवकांची तिची परंपरा मोठी होती. या संस्थेच्या आजीव सभासद होणाऱ्या गोदावरीबाई पहिल्या महिला. साक्षरतेच्या मोहिमेत त्यांनी मुंबईच्या कामगार वस्त्या पालथ्या घातल्या, घरकाम करणाऱ्या गड्यांची व मोलकरणींची संघटना उभी करण्याचा यत्न केला, ठाणे जिल्ह्यातील शेतकऱ्यांत जाण्यास सुरुवात केली. घरकामगारांची संघटना ही कल्पनाच त्या दिवसांत धाडसाची होती. कारण घरगड्याचा मालक हा गिरणीमालक नसून एरवी स्वतःला सुधारक म्हणवणारा मध्यमवर्गीय गृहस्थच होता.

याच संस्थेत त्यांची श्यामराव परुळेकर यांच्याशी गाठ पडली. श्यामराव १९३७ च्या निवडणुकीत मुंबई विधिमंडळावर निवडून आले होते, आणि कोकणातील खोतीविरुद्धच्या लढ्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बरोबरीने उभे राहिले होते. १९३९ साली उभयतांचा विवाह झाला. त्याच सुमारास दोघांनी कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला. सेवा करावी, पण सत्तेशी आणि मालकाशी संघर्षाचा प्रसंग आणू नये, ही संस्थेची मर्यादा. आणि संघर्षावाचून सेवा ही मलमपट्टी ठरते, ही या दोघांची धारणा. दोन्ही बाजूंना आपापला तर्क होता. अशा वेळी पुष्कळ माणसे संस्थेत राहून कुरकुरतात. पगार चालू राहतो, मतही चालू राहते, आणि दोन्हींची गाठ कधी पडत नाही. परुळेकर दांपत्य संस्थेतून बाहेर पडले. युद्धविरोधी प्रचारासाठी १९४० साली त्यांना अटक झाली आणि १९४२ पर्यंत त्यांचा काळ बंदिवासात गेला.

घराचा आणि संस्थेचा असे दोन उंबरठे ओलांडणाऱ्या या स्वभावाला करारी म्हणता येईल, हट्टीही म्हणता येईल. मनात आले ते तोंडावर सांगण्याची धमक त्यात उपजत असावी. पण एवढ्याच गुणावर त्या थांबत्या, तर मुंबईतील एक तडफदार वक्त्या एवढीच त्यांची ओळख राहिली असती. त्यांच्यातील दुसरा, अधिक दुर्मीळ गुण डहाणू-उंबरगावच्या रानात दिसून आला.

मुकेपणाचा हिशेब

आजचा तलासरी तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्याचा भाग होता. १९६० साली भाषावार राज्यरचनेत उंबरगाव गुजरातेत गेले, तलासरीचा भाग महाराष्ट्रात राहिला. २०१४ साली पालघर जिल्हा झाला तेव्हा डहाणूसह तो त्या जिल्ह्यात आला. किनाऱ्याच्या बाजूला बागा आणि बंदरे, पूर्वेला डोंगर आणि जंगल, आणि या दोहोंमध्ये राबणारा वारली. मूळचा जमिनीचा धनी असलेला हा समाज एकोणिसाव्या शतकापासून सावकारांच्या व जमीनदारांच्या कर्जात बुडत गेला आणि आपल्याच जमिनीवर कूळ बनला.

त्याची दशा काय होती, हे सांगण्यास चळवळीच्या माणसांचीच साक्ष काढावी लागत नाही. सायमिंग्टन नावाच्या इंग्रज सनदी अधिकाऱ्याने मुंबई सरकारसाठी आदिवासींच्या स्थितीची पाहणी केली. तिचा अहवाल १९३९ साली प्रसिद्ध झाला. जमीनदार बोलावील तेव्हा आणि बोलावील तितके दिवस कुळाने त्याच्या कामावर हजर व्हावे, मोबदला दिवसाला फार तर एक आणा, आणि नकार दिल्यास वा चालढकल केल्यास मारहाण ठरलेली, अशी नोंद त्या अहवालात आहे. हीच वेठ. याखेरीज लग्नगड्यांची प्रथा होती. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे उचलले, की तो तरुण आणि त्याची नवी बायको दोघेही त्या घरचे गुलाम होत. कर्ज फिटत नसे, कारण हिशेबाची वही सावकाराच्या हाती असे आणि गड्याला अक्षर ओळखता येत नसे.

शहरातून येणारा पाहुणा या वारल्याला पाहून काय म्हणत असे? भोळा आहे, लाजाळू आहे, मुका आहे. परका माणूस दिसला की तो रानात पळतो. विचारले तर होय-नाही एवढेच बोलतो. हा त्या समाजाचा स्वभाव आहे, असा निर्वाळा देणे सोपे होते, आणि जमीनदारांना तो निर्वाळा सोयीचाही होता. जो स्वभावानेच मुका, त्याला गप्प ठेवल्याचा दोष कोणाकडे जात नाही.

परंतु हाच वारली रात्री तारप्याच्या तालावर नाचत होता, लग्नाच्या चौकापुढे गाणी म्हणत होता, आपापल्या पाड्यावर तंटे सोडवत होता. त्याची वाचा गेलेली नव्हती. एका विशिष्ट माणसासमोर ती बंद होत होती. बोललेल्यांचे काय झाले हे त्याने पाहिले होते. झाडाला बांधून फटके खाल्लेला शेजारी, एका रात्रीत काढून घेतलेले शेत, तक्रार घेऊन गेलेल्यालाच दटावून परत पाठवणारा शिपाई, हा त्याचा अनुभव. अशा ठिकाणी गप्प राहणे हा स्वभावाचा दुबळेपणा नव्हता. ज्याला लिहिता-वाचता येत नव्हते त्याने केलेला तो अत्यंत अचूक हिशेब होता.

टिटवाळा ते झरी

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळा येथे महाराष्ट्रातील किसान सभेची परिषद भरली. उंबरगाव तालुक्यातून माह्या धांगडा यांच्यासह सुमारे पंधरा वारली तेथे आले होते. हजारोंच्या त्या मेळाव्यात ही मंडळी संख्येने नगण्य. पण माह्या धांगडा यांनी व्यासपीठावरून आपल्या भागाची हकीकत सांगितली. ज्याने साहेब वा शेठ समोर असताना मान वर करू नये अशी रीत, तो अनोळखी माणसांच्या सभेत उभा राहिला. त्यांना कोणता स्वभाव लाभला होता हे आज कोणी सांगू शकणार नाही. मात्र त्या दिवशी समोर बसलेले लोक ऐकण्यासाठी आलेले आहेत, आणि बोलल्याबद्दल येथे कोणी मारणार नाही, हे त्यांना दिसत होते एवढे निश्चित.

गोदावरीबाई आणि श्यामराव यांनी ती हकीकत ऐकली आणि त्या भागात जाण्याचे ठरवले. तेथून पुढचे गोदावरीबाईंचे वागणे हा या चरित्राचा गाभा होय. त्या पाड्यापाड्यांतून पायी हिंडल्या; झोपडीत राहिल्या, झोपडीत असेल ते खाल्ले. पुण्याची, वकिलीची पदवी घेतलेली बाई दारात आली म्हणजे वारल्याने तिच्यापुढे मन मोकळे करावे, असे काही नव्हते. उलट, पांढरपेशा माणसाविषयीचा त्याचा सारा अनुभव विरुद्ध होता. या अविश्वासाला गोदावरीबाईंनी व्याख्यानाने उत्तर दिले नाही. त्यांनी ऐकले. वारल्यांची बोली कानी पडू दिली, त्यांचा संथपणा सोसला, एकच हकीकत दहा पाड्यांवर दहा वेळा ऐकून घेतली. फटकळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाईने गप्प राहण्याची ही शिस्त स्वतःला लावून घेतली, यात त्यांच्या स्वभावाचे खरे मोठेपण आहे.

२३ मे १९४५ रोजी तलासरी भागातील झरी या गावी वारल्यांची परिषद भरली. सुमारे पाच हजार माणसे जमली. तेथे सांगितले गेले ते अगदी थोडके आणि स्पष्ट होते. रोख बारा आणे रोज मिळाल्याखेरीज जमीनदाराची खाजगी शेती कसू नये. कोणाचीही वेठ करू नये. मारहाण झाल्यास प्रतिकार करावा. आणि हे सारे एकीने करावे. या चार गोष्टींपैकी चौथी नसती तर पहिल्या तीन निरर्थक होत्या. एकट्या वारल्याने वेठीला नकार देणे म्हणजे मार ओढवून घेणे. एका दिवशी, एका वेळी, साऱ्या पाड्यांनी नकार देणे म्हणजे मारणाऱ्याचा हात कोणावर उगारायचा हेच त्याला कळेनासे करणे.

परिषदेनंतर लोक आपापल्या पाड्यांवर परतले आणि वेठ मोडली. लाल बावटा खांद्यावर घेऊन वारल्यांचे जथे जमीनदारांच्या घरी गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या अडकलेले लग्नगडी त्यांनी सोडवून आणले. ज्या प्रथेविषयी सरकारी अहवाल लिहिले गेले आणि कपाटात राहिले, ती या भागात काही आठवड्यांत कोसळली. कायदा बदललेला नव्हता, अधिकारी बदललेले नव्हते. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा देशात व्हायला १९७६ साल उजाडावे लागले. १९४५ साली बदलली होती ती एकच गोष्ट. बोलणाऱ्याला ठाऊक झाले होते, की आपण एकटे बोलत नाही.

तलवाड्याची परीक्षा

वाचा फुटली की तिची किंमत मागितली जाते, हा सर्वत्रचा नियम. पावसाळा संपताच गवतकापणीचा हंगाम आला आणि वारल्यांनी पाचशे रतल गवतामागे अडीच रुपये मजुरी मागितली. मालकांनी नकार दिला. संप सुरू झाला. कापणी थांबली तर गवत वाळून मातीमोल होणार, हे दोन्ही बाजू जाणत होत्या.

अशा वेळी १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जे घडले ते कटाचे उदाहरण म्हणून लक्षात ठेवावे असे आहे. गोदावरीबाई सभेला येणार आहेत आणि त्यांच्यावर हल्ला होणार आहे, अशी वार्ता वारल्यांत पसरवण्यात आली. बाईंच्या रक्षणासाठी लोक काठ्या-कोयते घेऊन धावले. तिकडे वारली हत्यारे घेऊन दंगा करण्यास जमले आहेत, असे पोलिसांना सांगण्यात आले. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि इतर चार जण मृत्युमुखी पडले. गोदावरीबाई तेथे नव्हत्याच. त्यांनी तशी सभा बोलावलेलीही नव्हती.

ज्या बाईच्या नावावर लोक जमले आणि मेले, तिला या घटनेचे ओझे किती वाहावे लागले असेल याची कल्पना करता येते. बोला, असे सांगणाऱ्याच्या वाट्याला ही जबाबदारी येतेच. दुसऱ्याला तोंड उघडण्यास सांगायचे आणि परिणामांच्या वेळी आपण घरी जायचे, असे वागणारे पुढारी काही कमी नसतात. परुळेकर दांपत्य घरी गेले नाही. गोळीबारानंतर सभाबंदी आली, पण संप मोडला नाही, आणि अखेर मजुरीचा मागितलेला दर मालकांना मान्य करावा लागला.

बाई नसताना

पुढाऱ्याच्या कामाची खरी कसोटी तो जवळ नसताना लागते. १९४६ च्या हंगामात गवताबरोबर जंगलतोडीच्या कामाचाही संप झाला. लाकूड तोडणाऱ्याला दिवसाला किमान सव्वा रुपया मिळावा, ही मागणी होती. नोव्हेंबरात इमारती लाकडाच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने ती मान्य केली. याच सुमारास सरकारने परुळेकर दांपत्यावर जिल्हाबंदीचा हुकूम बजावला. तेव्हा मुंबई प्रांतात परकीयांच्या हाताखालचे का होईना, पण लोकनियुक्त सरकार होते. चळवळीमुळे कायदा व सुव्यवस्था धोक्यात आली, असा सरकारचा आरोप होता. परिस्थिती पेटलेली होती आणि दोन्ही बाजूंनी कटुता वाढली होती, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या मागण्यांसाठी हे सारे घडले त्या मागण्या काय होत्या? फुकट राबणार नाही, आणि मोजून काम केल्यावर मोजून पैसे द्या, एवढ्याच.

बाईंना जिल्ह्याबाहेर ठेवले तर वारली पुन्हा मुके होतील, असा शासनाचा व मालकांचा होरा असावा. तो चुकला. १९४७ च्या जानेवारीत पुन्हा गोळीबार झाला, धरपकड झाली. पण वेठ परत आली नाही. पाड्यांतील माणसेच आता निरोप पोचवत होती, सभा भरवत होती, मजुरीचा हिशेब मागत होती. गोदावरीबाईंनी त्यांना दिली ती स्वतःची वाणी नव्हती. स्वतःची वाणी कोणाला देता येतही नाही. वारल्यांची जी होती, तिच्यावरची दहशत त्यांनी दूर केली.

पुढील आयुष्यातही हा कणखरपणा टिकून राहिला. श्यामराव १९५७ साली ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. १९६५ साली स्थानबद्धतेत असतानाच मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात त्यांचे निधन झाले. सहचराच्या मृत्यूनंतर गोदावरीबाई पुन्हा तलासरीच्या कामात रुजू झाल्या. वारल्यांच्या उठावाची हकीकत त्यांनी जेव्हा माणूस जागा होतो या पुस्तकात लिहिली. १९७० साली ते प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली साहित्य अकादमीच्या पुरस्काराने गौरवले गेले. १९८६ साली, वयाच्या ऐंशीच्या घरात, त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या; त्या पदावर येणाऱ्या त्या पहिल्या महिला. तलासरीत आदिवासी प्रगती मंडळाने चालवलेले महाविद्यालय आज त्यांचे आणि श्यामरावांचे नाव धारण करते. ज्या भागात सावकाराची वही कोणाला वाचता येत नव्हती, तेथे वारल्यांची मुले पदवीपर्यंत शिकतात, यातील औचित्य वेगळे सांगायला नको.

त्यांच्या राजकीय मतांशी सर्वांचे जुळावे असे नाही. पक्षाच्या चौकटीत राहून काम करणाऱ्या माणसाच्या दृष्टीला मर्यादाही पडतात, आणि त्या बाईंनाही पडल्या असतील. परंतु प्रस्तुत प्रश्नापुरते पाहिले, तर हे चरित्र एक मोलाचा धडा देते.

कचेरीतील वारली

महाराष्ट्रातील कारकुनांना आणि शिक्षकांना एकीच्या बळाची ओळख नाही असे नाही. १९७७-७८ सालच्या चौपन्न दिवसांच्या संपाची आठवण घराघरांत आहे. पण पगारासाठी सर्वांनी मिळून बोलणे वेगळे, आणि रोजच्या कामात दिसणारी चूक, अपहार वा सहकाऱ्यावरचा अन्याय यांविषयी एकट्याने बोलणे वेगळे. पहिल्यासाठी संघटना आहे. दुसऱ्या वेळी माणूस आपल्या खुर्चीत एकटा असतो. परीक्षेच्या गुणांत फेरफार झालेला शिक्षकाला दिसतो, बिलात न झालेले काम दाखवलेले कारकुनाला दिसते, रसायनांच्या कारखान्यातील झडप गळते आहे हे कंत्राटी मजुराला सर्वांच्या आधी कळते. तिघेही गप्प राहतात. नंतर काही विपरीत घडले की सारे हळहळतात, की कोणी आधी बोलले कसे नाही.

अशा वेळी गप्प राहिलेल्याच्या स्वभावाला दोष देण्याची घाई होते. त्याआधी साहेबाने एक प्रश्न स्वतःला विचारावा, की आपल्या कचेरीत मागे जो बोलला त्याचे पुढे काय झाले? त्याची बदली झाली काय? त्याच्या गोपनीय अहवालात शेरा आला काय? हाताखालची माणसे ही गोष्ट विसरत नाहीत. दार उघडे आहे, केव्हाही या, असे वरिष्ठाने शंभर वेळा सांगितले तरी एका बोलणाऱ्याला भोगावी लागलेली शिक्षा त्या शंभर आश्वासनांना पुरून उरते. वारल्याने केलेला हिशेबच येथील कारकूनही करतो; तो फक्त अधिक स्वच्छ कपड्यांत बसून करतो.

आणि जे स्वभावाने धीट आहेत, ज्यांना बोलण्याचे भय वाटत नाही, त्यांच्यासाठीही या चरित्रात एक सूचना आहे. धीट माणसाला वाटते, की आपण बोललो म्हणजे कर्तव्य झाले. गोदावरीबाई एवढ्यावर थांबल्या असत्या, तर वारल्यांच्या दुःखावर एक दाहक लेख झाला असता आणि वेठ चालूच राहिली असती. आपल्या धीटपणाचा उपयोग त्यांनी मुख्यतः दोन गोष्टींसाठी केला. एक, भिडस्त माणसाला बोलता येईल इतका वेळ आपण गप्प राहणे. दुसरी, तो बोलल्यानंतर त्याच्या शेजारी उभे राहणे. पैकी पहिल्या गोष्टीला संयम लागतो, दुसरीला निष्ठा लागते. आणि या दोन्हींवाचूनचा धीटपणा पुष्कळदा केवळ आवाज ठरतो.

प्रत्येक शिक्षककक्षात आणि प्रत्येक कचेरीत असा एखादा सहकारी असतोच, की जो सभेत कधी बोलत नाही, पण ज्याला पुष्कळ काही ठाऊक असते. तो भित्रा आहे, असे ठरवून टाकण्यापूर्वी त्याच्याजवळ जाऊन बसणारा, त्याचे सारे ऐकून घेणारा आणि दुसऱ्या दिवशी साहेबाच्या दालनात त्याच्याबरोबर जाणारा कोणी आहे काय? तेवढा एक माणूस निघाला, तर मुका समजला गेलेला माणूस बोलू लागतो. १९४५ च्या उन्हाळ्यात झरीच्या माळावर हे सिद्ध झालेले आहे. तेथे तर बोलण्याची शिक्षा मेमो वा बदली नव्हती, ती फटक्यांची आणि गोळीची होती.